'नाव जुळत नाही' म्हणून अर्ज पुन्हा पुन्हा परत येतोय? पोर्टल बंद करा, कागद टेबलावर मांडा

"काकू, तिसऱ्यांदा परत आला."

रात्री साडेदहाला खालच्या मजल्यावरची मुलगी लॅपटॉप छातीशी धरून दारात उभी होती. नवरा परदेशात जाऊन सात महिने झाले, त्याच्याकडे जाण्यासाठीचा हिचा अर्ज तिकडच्या पोर्टलवर अडकलेला. पहिल्यांदा परत आला तेव्हा तिनं फोटो बदलला. दुसऱ्यांदा पीडीएफ लहान केली, ब्राउझर बदलला, मावसभावाच्या ऑफिसात जाऊन चांगल्या नेटवरून भरला. तिसऱ्यांदा उत्तर तेच: अर्जातली माहिती आणि कागदपत्रं जुळत नाहीत.

मी तिला चार कागद आणायला सांगितले. पासपोर्ट, जन्मदाखला, विवाह नोंदणीचा दाखला, पदवी प्रमाणपत्र. जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, तर चार कागदांवर एकाच मुलीची चार नावं निघाली. बरं, चूक कुठल्याच कार्यालयाची नव्हती. प्रत्येकानं आपल्या पद्धतीनं नाव लिहिलं होतं. ते चारही कागद एकत्र वाचणारा माणूस मात्र हजारो किलोमीटरवर बसलेला, आणि मराठी नाव कसं चालतं हे त्याला माहीत असण्याचं काहीच कारण नाही.

दहा वर्षांपूर्वी याच टेबलावर माझे स्वतःचे कागद होते. माझ्या अर्जाला चौदा महिने लागले. तेवढ्या काळात आमची मुलगी बोलायला शिकली आणि 'बाबा' म्हणून मोबाइलकडे बोट दाखवायला लागली. तुमच्या जन्मदाखल्यावर नावाचा रकानाच कोरा आहे, एवढं एक वाक्य मला कुणीही सांगितलं नाही. एका कार्यालयातून दुसरीकडे पाठवत राहिले, आणि मी जात राहिले. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

बिघाड फाइलमध्ये आहे की नावात?

हे आधी ठरवायला हवं. फाइल चढवतानाच लाल अक्षरांत सूचना आली तर अडचण तांत्रिक असते आणि ती तासाभरात सुटते. फाइलचं नाव देवनागरीत असेल किंवा त्यात कंस, टिंबं असतील तर ते साध्या इंग्रजी अक्षरांत करा. आकाराची मर्यादा ओलांडली असेल तर स्कॅन कमी डीपीआयवर (म्हणजे ठिपक्यांची दाटी कमी करून) पुन्हा काढा. मोबाइलनं काढलेला फोटो दाबून दाबून लहान केला की शिक्का वाचता येत नाही.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ई-आधारच्या पीडीएफला कुलूप असतं. नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष, हा त्याचा पासवर्ड. तुमच्या मोबाइलवर ती फाइल उघडते, कारण पासवर्ड तुम्हाला माहीत असतो. पोर्टलही ती बऱ्याचदा विनातक्रार घेतं. तिकडचा अधिकारी उघडायला जातो तेव्हा मात्र उघडत नाही, आणि तो 'कागद अपूर्ण' असा शेरा मारतो. त्यामुळे फाइल उघडून 'प्रिंट'मधून नवी पीडीएफ तयार करा आणि ती चढवा.

अर्ज व्यवस्थित स्वीकारला गेला आणि काही आठवड्यांनी पत्र आलं, तर समजा की कुणीतरी कागद वाचले आहेत. मग ब्राउझर बदलून काही होणार नाही. दोष नावात, तारखेत किंवा पत्त्यात शोधायचा. माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक प्रकरणांत तो नावात निघाला.

तीन तुकड्यांचं नाव आणि दोन रकाने

आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असे तीन तुकडे असतात. पासपोर्टवर रकाने दोनच: 'सरनेम' आणि 'गिव्हन नेम'. समजा एखादीचं नाव स्नेहल मोहन जोशी. पासपोर्टवर बहुधा 'जोशी' वरच्या रकान्यात आणि 'स्नेहल मोहन' खालच्या रकान्यात येतं. म्हणजे बाहेरच्या जगासाठी 'मोहन' हा तिच्याच नावाचा भाग झाला.

पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी बाणांच्या खुणा असलेल्या दोन ओळी दिसतात ना, त्या नीट पाहा. प्रत्येक ओळ ४४ अक्षरांची असते आणि विमानतळावरचं यंत्र त्याच वाचतं. पहिल्या ओळीत देशाच्या खुणेनंतर आडनाव, मग दोन बाण, मग बाकीची नावं एकेका बाणानं तोडलेली. 'मधलं नाव' असा भागच तिथे नाही.

आता अर्जात 'मिडल नेम' असा रकाना दिसला की आपला हात आपोआप तिथे वडिलांचं नाव लिहितो. शाळेपासून तीच सवय. आणि तिथेच तफावत तयार होते. अर्जातलं 'स्नेहल' आणि पासपोर्टवरचं 'स्नेहल मोहन' ही यंत्राच्या लेखी दोन नावं आहेत. त्या अर्जाच्या सूचनांमध्ये वेगळं काही सांगितलं नसेल तर पासपोर्टवर जे ज्या रकान्यात आहे तेच अर्जात त्या रकान्यात लिहा आणि मधला रकाना कोरा सोडा. विमानाच्या तिकिटालाही हेच.

जुन्या काही पासपोर्टांवर 'सरनेम' कोरा आणि तिन्ही तुकडे खालच्या रकान्यात असतात. असा पासपोर्ट घेऊन पुढे जाऊ नका. अमेरिकेच्या अर्जात अशा वेळी सगळं नाव आडनावाच्या जागी आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव अज्ञात) लिहावं लागतं. मग तेच 'एफएनयू' व्हिसावर छापलं जातं आणि पुढे बँकेपासून वाहन परवान्यापर्यंत ते निस्तरत बसावं लागतं. हातात वेळ असेल तर पासपोर्ट पुन्हा जारी करून घ्या. ३६ पानांच्या साध्या पुस्तिकेचं शुल्क १,५०० रुपये आहे. पुढच्या त्रासापुढे ते काहीच नाही.

यात आता आणखी एक भर पडली आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांसाठी राज्य शासनानं बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव अशी पद्धत आणली. आईचं नाव कागदावर आलं याचा मला मनापासून आनंद आहे. पण घरात असं बाळ असेल तर त्याचा पहिला पासपोर्ट काढतानाच चारही तुकडे कुठल्या रकान्यात जाणार हे नवरा-बायकोनं बसून ठरवा, आणि पुढे प्रत्येक कागदावर तेच ठेवा.

टेबलावरचा तक्ता

एक कोरा कागद आडवा घ्या. डावीकडे कागदपत्रांची नावं, वर चार रकाने: स्वतःचं नाव, मधलं नाव, आडनाव, जन्मतारीख. प्रत्येक कागदावर जसं छापलंय तसं, स्पेलिंगसकट, हातानं उतरवा. फक्त वाचून भागत नाही. 'मोहन' आणि 'मोहनराव' यांतला फरक आपल्या डोळ्यांना दिसतच नाही, लिहिताना मात्र हात थांबतो.

तपासायच्या जागा ठरलेल्या आहेत. वडिलांच्या नावापुढचं 'राव', आईच्या नावापुढचं 'बाई'. दत्तात्रय की दत्तात्रेय. 'ज्ञ' असलेलं नाव कुठे 'डीएन'नं, कुठे 'जीवाय'नं सुरू झालंय. लक्ष्मीत 'एक्स' की 'केएसएच'. दीक्षितांचं तेच. वाघ 'डब्ल्यू'नं की 'व्ही'नं. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव आडनावापासून सुरू होतं, त्यामुळे परदेशातला माणूस आडनावालाच पहिलं नाव समजतो. अशा वेळी सोबतच्या पत्रात एक ओळ लिहावी: 'या मंडळाच्या पद्धतीनुसार आडनाव प्रथम छापले आहे.' एवढ्यानं काम होतं.

तक्ता झाला की पासपोर्टच्या ओळीखाली रेघ ओढा. तिच्याशी जे जुळत नाही ते लाल. आणि मगच ठरवा काय दुरुस्त करायचं आणि काय नुसतं समजावून सांगायचं. सगळंच दुरुस्त करायला निघालात तर वर्ष जाईल.

जन्मदाखला आधी

दुरुस्ती करायची तर उगमापासून करायची. उगम म्हणजे जन्मनोंद. लोक घाईत आधी आधार बदलतात, कारण ते सोपं वाटतं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. संधी अशी घालवली आणि पुढे जन्मदाखल्यावर वेगळंच स्पेलिंग आलं, तर पुन्हा विनवण्या करत फिरावं लागतं. आधार सगळ्यात शेवटी.

जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच असते, आईवडील कुठे राहत होते याला महत्त्व नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत, त्यामुळे अस्सल पुणेकर म्हणवणाऱ्या कितीतरी जणांची नोंद बार्शीच्या, कराडच्या नाहीतर एखाद्या ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात आहे. पुणे महापालिकेत शोधून 'नोंद आढळत नाही' असं उत्तर आलं की धीर सोडू नका, आधी आईला विचारा.

पुण्यात जन्म झाला असेल तरी हद्द बघा. पुणे महापालिका वेगळी, पिंपरी-चिंचवड वेगळी, आणि पुणे, खडकी, देहूरोड या तिन्ही कॅन्टोन्मेंटची दप्तरं आपापली. २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावं पालिकेत आली. तिथला जन्म त्याआधीचा असेल तर मूळ नोंद ग्रामपंचायतीच्या काळातली. क्षेत्रीय कार्यालयात जाताना गावाचं नाव, जन्मतारीख आणि दवाखान्याचं नाव लिहून न्या.

दाखल्यावर नावाचा रकाना कोरा असेल, जसा माझा होता, तर ती 'चूक' नाही. बाळाच्या नावाशिवाय नोंद करता येते, नाव नंतर घालायचं असतं. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात त्याची तरतूद आहे. वर्षभरात नाव घातलं तर शुल्क नाही, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. मोठ्या माणसांसाठी ही मुदत वेळोवेळी वाढवली गेली आहे, म्हणून तुमच्या नोंदीच्या कार्यालयात सध्याची स्थिती विचारून घ्या. एक काळजी घ्या: नाव घालताना फॉर्मवर इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे स्वतः लिहा. तिथल्या ऑपरेटरवर सोडलंत तर तो त्याला योग्य वाटेल ते लिहील, आणि त्यात त्याचा दोष नाही.

जन्माची नोंदच झाली नसेल तर वर्ष उलटल्यावर आदेश लागतो. पूर्वी तो प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून आणावा लागे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला. त्याच दुरुस्तीनं १ ऑक्टोबर २०२३ आणि त्यानंतर जन्मलेल्यांसाठी पासपोर्टलाही जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. लहान मुलं असलेल्यांनी हा कागद आजच हातात घेऊन तपासा.

लग्नानंतरचं नाव

सगळ्यात जास्त बायका इथे अडकतात, आणि मला सगळ्यात जास्त वाईट इथेच वाटतं. लग्नात तांदळात नाव लिहिलं, स्वतःचं नावही बदललं. शिक्षण माहेरच्या नावावर, पगार सासरच्या नावावर, आधारवर दोन्हींचं मिश्रण.

पहिली गोष्ट: नाव बदलायलाच हवं असा कायदा नाही. पासपोर्टवर माहेरचंच नाव ठेवून परदेशात नवऱ्याबरोबर राहता येतं, नातं विवाह नोंदणीच्या दाखल्यानं सिद्ध होतं. अजून बदललं नसेल आणि तिकडे जायचं ठरत असेल तर तसंच राहू द्या, असं मी प्रत्येक मुलीला सांगते. सासूबाईंना वाईट वाटलं तर त्यांना हाच लेख वाचून दाखवा.

बदलून झालं असेल तर जुन्या गुणपत्रिका आणि पदवी बदलण्याच्या मागे लागू नका. त्या वेळी तेच नाव होतं, ते खरंच आहे. जुनं आणि नवं जोडणारा कागद लागतो: विवाह नोंदणीचा दाखला, आणि पहिलं नावही बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाचं राजपत्र. राजपत्रासाठी शासन मुद्रण संचालनालयाच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो. त्यात जुनं नाव पदवीवर आहे तसंच आणि नवं नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर पाहा. छापून आल्यावर चूक सापडली तर पुन्हा सगळं पहिल्यापासून.

'यापूर्वी वापरलेली नावं' असा प्रश्न जवळजवळ प्रत्येक देशाच्या अर्जात असतो. उगाच संशय नको म्हणून तो रकाना कोरा सोडणारे मी पाहिलेत. कृपा करून असं करू नका. माहेरचं नाव, शाळेतलं स्पेलिंग, सगळं तिथे लिहा. कॅनडासारख्या देशात माहिती दडवल्याचं ठरलं तर पाच वर्षं अर्ज करता येत नाही. मोकळेपणानं लिहिलेल्या दुसऱ्या नावाचं फार तर स्पष्टीकरण मागतात.

'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र कोर्टाबाहेर लगेच करून मिळतं. त्याचा उपयोग होतो, पण जोडीला म्हणून. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर राहू नका. आणि करायचंच तर 'मी एकच व्यक्ती आहे' एवढंच न लिहिता कुठल्या क्रमांकाच्या कुठल्या कागदावर कुठलं नाव आहे हा आपला तक्ता जसाच्या तसा त्यात उतरवून घ्या.

अपोस्टिलवर पैसे घालवण्याआधी

अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचा, परदेशात चालणारा सरकारी शिक्का. भारत २००५ पासून त्याच्या करारात आहे. कॅनडा ११ जानेवारी २०२४ पासून आला. पुण्यातून जर्मनीला जाणारे खूप, आणि त्यांच्याच खिशाला इथे कात्री लागते. भारताच्या सहभागाला जर्मनीनं हरकत घेतलेली आहे, त्यामुळे दोन्ही देशांमध्ये अपोस्टिल चालत नाही. तिकडच्या कार्यालयाला शंका आली तर दूतावासामार्फत कागदांची पडताळणी होते आणि तिला महिने लागू शकतात. एजंट शिक्का मारून देतो, शिक्का खराही असतो, पण तो तिथे लागू होत नाही. म्हणून ज्या कार्यालयात कागद द्यायचा त्यांच्याकडून नेमकं काय हवंय ते ईमेलवर लेखी घ्या.

आणि काहीही झालं तरी नावाची दुरुस्ती आधी, शिक्का नंतर. चुकीच्या नावावर मारलेला शिक्का ती चूकच प्रमाणित करतो.

पीसीसी दोन असतात

पोलिसांकडून नोकरीसाठी मिळतो तो चारित्र्य पडताळणीचा दाखला वेगळा, आणि स्थलांतरासाठी लागतो तो पासपोर्ट सेवेतून मिळणारा पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, वेगळा. परदेशासाठी दुसरा. त्याचं शुल्क ५०० रुपये, आणि पुण्यात मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात किंवा पोस्टातल्या केंद्रांतही वेळ घेता येते. पासपोर्टवर माहेरचा पत्ता आणि राहणं दुसरीकडे असेल तर पोलीस पडताळणी नव्या पत्त्यावर होणार हे धरून चाला. घरी कुणी नसेल तर शेजारी सांगून ठेवा, फोन बंद ठेवू नका.

हा कागद सगळ्यात शेवटी काढा. कॅनडासाठी, सध्या जिथे राहता त्या देशाचा पीसीसी अर्जाआधीच्या सहा महिन्यांतलाच लागतो. मी तो उत्साहात सगळ्यात आधी काढला होता. नावाचा घोळ निस्तरेपर्यंत त्याची मुदत संपली आणि पुन्हा पहिल्यापासून रांग.

'पुढच्या आठवड्यात या' असं तिसऱ्यांदा ऐकलंत तर

आवाज चढवू नका, पोच मागा. महाराष्ट्रात लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ लागू आहे. अधिसूचित सेवेला ठरलेली मुदत असते, ती टळली की त्याच विभागातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, मग दुसरं, मग आयोग. विनाकारण उशीर करणाऱ्याला ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण या सगळ्याला अर्जाची तारीख असलेली पोच लागते, तोंडी बोलण्यावर अपील होत नाही. फाइल कुठे आहे हेच कळत नसेल तर दहा रुपये भरून माहिती अधिकारात विचारा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. माझी फाइल अशीच सापडली होती. ती कुणी अडवली नव्हती, एका बदली झालेल्या बाईंच्या कपाटात राहून गेली होती.

खालच्या मजल्यावरच्या मुलीचा जन्मदाखला पंढरपूरचा निघाला, तिच्या आईच्या माहेरचा. त्यावर वडिलांच्या नावापुढे 'राव' आहे, पासपोर्टवर नाही. तो बदलायचा नाही असं आम्ही ठरवलं, प्रतिज्ञापत्रात दोन्ही नावं घालणार. पदवी माहेरच्या नावावर, ती विवाह नोंदणीच्या दाखल्यानं जोडली जाते. खरी चूक एकच होती: अर्जातल्या 'मिडल नेम'मध्ये तिनं नवऱ्याचं नाव लिहिलं होतं, आणि पासपोर्टवर अजून वडिलांचं आहे. पत्राचा मसुदा काल रात्री झाला. शनिवारी तिचे वडील पंढरपूरला जाऊन दाखल्याची ताजी प्रत आणणार आहेत.